सांधा

चार मीटर काच,
केसाहून थोडी जाड, आणि तिच्या पोटात
यिटर्बियमची चिमूट.
एवढ्यावर माझी पाच वर्षं गुंडाळली आहेत,
चहाच्या बशीएवढ्या रिळावर.

प्रयोगशाळेच्या खिडकीतून बांभोरीचा पूल दिसतो,
खाली गिरणा. बहुतेक महिने नुसती वाळूच.
मे महिन्यात जळगाव पंचेचाळीस म्हणतं
आणि आमच्या भिंती सत्तेचाळीस ऐकतात.

टोकं जोडायला सुकलाल आप्पा.
हुद्दा परिचर, निवृत्तीला चौदा महिने.
त्याआधी सूतगिरणीत, रात्रपाळीला
फिरत्या चातीवरचा तुटका धागा
चिमटीत धरून जोडायचे, यंत्र न थांबवता.
गिरणी थांबली.
बोटं थांबली नाहीत.

काच सोलतात, पुसतात, काटकोनात कापतात.
मशीनमध्ये एक ठिणगी,
पडद्यावर आकडा: शून्य पूर्णांक शून्य दोन.
माझ्या हातून तोच सांधा दहापट गळका.
"धागा तुटना ते बोटले पहिले कळस," म्हणतात,
"डोयाले मांगून."

पहिल्यांदा लेझर लागला
तेव्हा कुणालाच काही दिसलं नाही.
एक हजार चौसष्ट नॅनोमीटर,
डोळ्यांच्या शिवेबाहेरचा उजेड.
मी कार्ड आडवं धरलं, त्यावर हिरवा ठिपका उठला,
कार्ड काढलं, परत नुसती खोली.
आप्पा चष्म्याआडून बघत राहिले.
"शे ते शे. दिखत नही, इतलंच."

मग लोक येऊ लागले.
नारखेडे मॅडम करप्याची केळीची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून:
पान पिवळं पडायच्या आधी
उजेडाला काही कळतं का?
झांबरे तापीची वाळू घेऊन, कण कण वेगळा करून.
एक दंतवैद्य कुणाची तरी अक्कलदाढ खिशात घालून,
आणि ठिबकच्या नळ्यांवाला, उभ्या उभ्याच:
सेकंदाला किती भोकं?
फळ्यावर माझ्या समीकरणांना जागा उरली नाही.
प्रत्येकाला अर्धा तास,
वीज असेल तर.

परीक्षकाचं पत्र आलं, तिसऱ्या फेरीचं.
दुपारी दोन ते चार शक्ती का घटते?
लेखकांनी भौतिक कारण द्यावं.

भौतिक कारण.
वीज जाते. जनरेटरवर लेझर चालतो, एसी नाही.
डायोडला ताप चढतो, रंग सरकतो,
अंशाला साधारण एक तृतीयांश नॅनोमीटर.
यिटर्बियमचं तोंड अरुंद,
घास बाहेर सांडतो.
सगळं लिहिलं, आलेख जोडला.
फक्त शेवटची ओळ खोडली:
आपण एकदा मे महिन्यात इकडे या.

आभारात आप्पांचं नाव घातलं.
सर म्हणाले, परिचराचं?
मी म्हटलं, एकोणीस सांधे आहेत.
सरांनी रिळावर वाकून मोजले,
काही बोलले नाहीत.
नाव राहिलं.

परवा सराफ बाजारात भेटले,
नातीचे कान टोचायचे म्हणून
हरभऱ्याच्या डाळीएवढे कुडे घ्यायला.
मला हाक मारली, भिंग हातात दिलं.
सोन्यावर सहा अक्षरं,
मुंगीनेही वाचताना थांबावं अशी.
"हाई आपलाच उजेड शे ना?"
म्हटलं, हो आप्पा, त्याच जातीचा.
अंगठ्याचं नख त्यांनी अक्षरांवरून फिरवलं,
अडतं का बघत. एकदा. परत एकदा.
मग काउंटरवर झुकून
गादीवरच्या पोराला विचारलं:
"हाऊ मशीनना सांधा
कोनी मारा?"

पोरगा म्हणाला, मशीन बाहेरून येतं आजोबा.
पावती कुणाच्या नावाने करू?